शिडी स्वतःची असल्यास प्राधान्य

पनवेलमध्ये सध्या दोन गोष्टी झपाट्याने उभ्या राहतात: टॉवर आणि नेटवर्क इंजिनिअर. टॉवरला निदान महारेराचा क्रमांक लागतो, इंजिनिअरला खांबावरचा फलक पुरतो. टपाल नाक्यावरून नवीन पनवेलकडे निघालात की वाटेत कुठेतरी तो दिसतोच: ‘तीन महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर व्हा! 100 टक्के नोकरी’. त्याखाली मुंगीच्या अक्षरात ‘साहाय्य’. नोकरीसाठी चष्मा लागतो तो इथपासूनच.

प्रवेशाला अट नाही. बी.कॉम. चालतो, बारावीला गचकलेला चालतो आणि मेकॅनिकलचा डिप्लोमावाला तर पळतो. पहिल्या आठवड्यात ओएसआय मॉडेलचे सात थर पाठ करून घेतात. मुलं ते खालून वर आणि वरून खाली धडाधड म्हणतात. सगळ्यात खालचा थर म्हणजे प्रत्यक्ष तार. ती फळ्यावर निळ्या खडूने काढलेली असते. सर्व्हरचा रॅक कसा दिसतो, हे भिंतीवरच्या फोटोत दाखवतात. आणि हे कुठे, तर ज्या पनवेलच्या वेशीवर जुलै 2020 मध्ये योट्टाचं 7,200 रॅकच्या क्षमतेचं डेटा सेंटर सुरू झालं, तिथे!

सबनेटिंगच्या, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांची वाटणी करायच्या, धड्याला म्हणे भलेभले घाम पुसतात. पनवेल तालुक्यातल्या पोराला तो अवघड जायचं कारण नाही. संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारे सिडकोचे साडेबारा टक्के आणि नवी मुंबई विमानतळाचे साडेबावीस टक्के यांचा हिशेब इथे घरोघरी जेवताना होत आला आहे. ‘स्लॅश चोवीस’च्या नेटवर्कमध्ये पत्ते 256, पण वापरायला मिळतात 254. पहिला नेटवर्कच्या नावावर राहतो, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला राखून ठेवतात. म्हणजे रस्त्याला आणि नाल्याला गेलेली जमीन. दोन भावांत वाटणी केली, तर प्रत्येकाच्या पदरात 126. बेरीज दोनाने कमी का भरली, हे पारगावच्या कुठल्याही आजोबांनी तोंडी सांगितलं असतं: वाटणी झाली की रस्ता पुन्हा सोडावा लागतो. पण क्लासात आजोबांना प्रवेश नाही. तिथे तक्ता पाठ होतो.

तक्त्यानंतर सिस्कोची सीसीएनए परीक्षा. फी 300 डॉलर, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. एवढे पैसे घालून नापास कोण होणार? म्हणून मुलं ‘डम्प’ मिळवतात. डम्प म्हणजे फुटलेल्या प्रश्नांचा गठ्ठा. त्यातून प्रश्न काय आहे हे कळायच्या आधी उत्तर ‘सी’ आहे हे कळतं.

मग मुलाखत. जाहिरातीत ‘फ्रेशर पाहिजेत’ असतं आणि पुढच्याच ओळीत ‘अनुभव 2 वर्षं’. या दोन ओळी एकाच माणसाने लिहिल्या असतील, यावर माझा विश्वास बसत नाही. मधे नक्की जेवणाची सुट्टी झाली असणार. साहेब सात थर विचारत नाहीत. ते विचारतात, दुचाकी आहे का? लायसन्स? उंचीची भीती? कारण नेटवर्क इंजिनिअरचं काम खारघरच्या चौदाव्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगमध्ये असतं, नाहीतर तळोजा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. शिडी स्वतःची असल्यास प्राधान्य.

तिथे वर, मान वाकडी करून, आठ तारा क्रमाने लावायच्या असतात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळा मधेच का घुसला? कारण मधल्या दोन पिना जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी ठेवल्या होत्या. टेलिफोन गेला, जागा त्याचीच राहिली. तारांचा पीळ कनेक्टरपाशी अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही. तांब्याची तार 100 मीटरच्या पुढे न्यायची नाही. संगणकाचा पत्ता 169.254 ने सुरू झाला, तर त्याला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने दाद दिलेली नाही आणि त्याने स्वतःच स्वतःला पत्ता लावून घेतलाय, हे एका नजरेत ओळखायचं. हे सगळं कामोठ्याच्या केबलवाल्याकडचा दहावी पास पोऱ्या जाणतो. त्याला ओएसआय म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून तो ‘पोऱ्या’. क्लासातून आलेल्याला ठाऊक आहे, म्हणून हा ‘इंजिनिअर’. पहिल्या दिवशी शिडी कोण धरतं, ते विचारू नका.

पगाराबद्दल सरकार तरी सरळ बोलतं. 2024 मधल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना 6 हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8 हजार आणि पदवीधराला 10 हजार विद्यावेतन ठरलं, आणि त्याला प्रशिक्षणार्थी म्हटलं. खासगीत आकडा याच्याच आसपास सांगतात, फक्त कार्डावर ‘इंजिनिअर’ छापून देतात आणि पेट्रोल आपलं.

काम नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली, डेटा सेंटरं आहेत, टॉवर तर आहेतच, आणि या सगळ्यांना तारा लागतात. त्या तारांची टोकं नीट करणारे हात लागतात. तेवढं सोडून बाकी सगळं क्लासात शिकवतात.

तेव्हा पालकहो, फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच सांगा: तुमच्या सरांना आमच्यासमोर केबलची दोन टोकं क्रिंप करू द्या. टेस्टरचे आठही दिवे दोन्ही बाजूंना क्रमाने लागले, तर खुशाल पैसे भरा. ‘सर आज बाहेरगावी आहेत’ असं उत्तर आलं, तर त्या पैशांत क्रिंपिंग टूल, टेस्टर, मूठभर कनेक्टर आणि कॅट-6 केबलचा 305 मीटरचा खोका घरी आणा. राउटर-स्विच जोडून बघायला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे. ते फुकट मिळतं.