अण्णांच्या डब्याचं ऐकलंत का?

अहो, जरा या ना इकडे भिंतीपाशी. कपडे काय, नंतरही वाळतील, ऊन कुठे पळून जातंय? ऐकलंत का, अण्णांच्या कॉम्प्युटरचं? नाही? अख्ख्या कामतघरात बोभाटा झालाय की!

तो त्यांचा जुना डबा हो, 2013 साली थोरल्याच्या लग्नाआधी घेतलेला, क्रोशाचं कव्हर घातलेला. कारखान्याचा वेगळा, तिथे मेहताजी टॅलीत हिशेब लिहितात. हा घरचा. ह्याच्यावर अण्णा सकाळी ई-पेपर वाचणार, दुपारी पत्ते खेळणार, आणि महिन्याकाठी सोसायटीची एखादी नोटीस. एवढाच त्याचा संसार. तर गेल्या दिवाळीच्या तोंडावर, 14 ऑक्टोबरला, विंडोज 10 ची सेवा बंद झाली नाही का, तेव्हापासून स्क्रीनवर सारखी पाटी. अण्णांना वाटलं व्हायरस आला. गेले नाक्यावरच्या एका दुकानात डबा घेऊन.

दुकानदाराने उघडलासुद्धा नाही म्हणे. नुसता वरून बघितला. "काका, हा इंटेलचा तिसऱ्या जनरेशनचा. विंडोज 11 ला आठवी लागते. शिवाय ती टीपीएम 2.0 नावाची चिप ह्यात नाही. भंगारात काढा, पाचशे देतो. नवा चाळीसपर्यंत बसेल." चाळीस म्हणजे चाळीस हजार हो! अण्णांचा चेहरा असा उतरला… पण काकू होत्या ना सोबत. त्या तिथेच म्हणाल्या, "नारपोलीतले आपले माग कुठल्या सालचे? मुंबईच्या गिरणीने टाकलेले मामंजींनी उचलून आणले, त्यावर दोन पिढ्या जेवल्या. दांडा तुटला की दांडा बदलतो, अख्खा माग नाही फेकत." दुकानदार गप्प. भिवंडीत बसून हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायला हवं होतं का?

तर काय सांगत होते… हां, सूनबाई. धाकटी हो, कल्याणची. ती हळूच म्हणाली, "अण्णा, मी बघू? लिनक्स टाकून?" त्यावर थोरल्या जाऊबाई लगेच, "हिला अजून आमटीत मीठ किती टाकायचं ते कळत नाही, आणि ही कॉम्प्युटरात टाकणार!" असं म्हणाल्या हं त्या, मी नाही म्हणत.

एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट तर आपल्याकडे घरटी एक असतं, बहुतेकांचं फ्रेममध्येच राहतं. पण ही म्हणे पवईच्या आयआयटीचे ते स्पोकन ट्युटोरियल ऐकते. मराठीतून, छोटे छोटे, फुकट. ही पोळ्या लाटणार आणि कानात लिनक्स! आम्हाला वाटायचं, माहेरी बोलत असते.

मग एका रविवारी बसली. लॅमिंग्टन रोडवरून भावाकरवी अडीचशे जीबीची एसएसडी आणि थोडी रॅम मागवली होती, दोनेक हजारांत. भावाच्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट उतरवून पेनड्राइव्ह तयार केला. तो खोचला, एफ-12 दाबलं, आणि डबा सुरू! हिरवं हिरवं पान आलं स्क्रीनवर. अजून काही टाकलेलंच नव्हतं हं, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं आधी. पटलं तर टाका, नाही तर काढा पेनड्राइव्ह. साडी अंगावर लावून बघण्याची सोय आहे म्हणा ना. थोरल्याचा मुलगा ओरडला, "अगं, वायफाय पण लागलं!" अण्णांचा एकच प्रश्न, "माझे पत्ते?"

पुढे नकाशा येतो, कुठे राहता म्हणून. ही भिवंडीवर टिचकी मारते तर लिहून येतं कोलकाता! अण्णा घाबरले. अहो, सगळ्या भारताची वेळ त्यात कोलकात्याच्या नावाने लागते. आणि मग ती ओळ आली… इंग्रजीत, "डिस्क पुसून टाकू का?" सगळे गार! थोरलीच्या लग्नाचे फोटो त्याच डब्यात की हो. थोरली तर पदर तोंडाला लावून उभी. आणि हिने सरळ "हो" दाबलं.

किंकाळी आमच्या घरापर्यंत आली, शपथ!

सूनबाई शांत. म्हणते, "वहिनी, जुनी डिस्क मी कालच काढून ठेवलीय. ही नवीच आहे, कोरी. फोटोंची आणखी एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर पण आहे." कुठे आहे म्हणून विचारलं, तर थोरलीच्याच कपाटात, लग्नाच्या शालूखाली! थोरलीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. ना रागावता येईना, ना हसता.

पण खरी मजा पुढेच आहे. जेवायला थोरलीचा भाऊ आला होता. पुण्याला आयटीत असतो ना तो, सगळं माहीत असतं त्याला. वरणभात कालवताना म्हणतो, "फुकट? एवढी ऑपरेटिंग सिस्टीम फुकट कोण देतं? चोरीची असणार. उद्या पोलीस आले म्हणजे कळेल." झालं! अण्णांचा घास हातातच राहिला. सूनबाईने सांगून पाहिलं, की 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने, एकवीस वर्षांच्या पोराने, सुरू केलं, जगभरचे लोक भर घालतात, ह्याचं लायसन्सच असं आहे की कॉपी करा, वाटा. केरळातल्या सरकारी शाळांत हेच चालतं, आपल्या सी-डॅकनेही 2007 साली बॉस नावाचं लिनक्स काढलं, त्याच वर्षी कर्जतकडच्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत पोरांना ते हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले त्यांतही लिनक्सच. पण धाकट्या सुनेचं कोण ऐकतं हो पंगतीत?

तेवढ्यात वरचे वकीलकाका बोलले. ते जेवताना बोलत नाहीत कधी. म्हणाले, "पोलिसांचं म्हणता ना? मग आधीचं विंडोज कुठून आणलं होतं?"

अण्णांनी थोरलीच्या भावाकडे बघितलं. काकूंनी भावाकडे बघितलं. थोरलीने ताटाकडे. अहो, 2013 साली मुंबईच्या फूटपाथवरून पन्नास रुपयांची सीडी ह्यानेच आणली होती की! आणि मागाहून ते 10 आलं तेही तसंच, कोणीतरी पोरगा घरी येऊन तीनशे रुपयांत "क्रॅक" करून गेलेला. वकीलकाका वाटी पुढे करत म्हणतात, "कॉपीराइट कायद्याचं कलम 63 बी. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, दंड 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद सोडून नुसता दंड करू शकतं. थोडं तूप वाढा."

बारा वर्षं हो! बारा वर्षं चोरीच्या विंडोजवर सत्यनारायणाच्या आमंत्रणपत्रिका छापल्या, कोणाची झोप उडाली नाही. आणि पहिल्यांदा घरात सरळमार्गाने काही आलं, तर चौकशी! आपल्याकडे हे असंच. वर त्या भावाचा फोन अँड्रॉइड. सूनबाई ताटं उचलता उचलता म्हणाली, "दादा, तुमच्या फोनच्या आतही लिनक्सच आहे." तो मठ्ठा न पिताच उठला म्हणे.

आता सगळं गोडच झालं असं नाही हं, खोटं कशाला सांगू. प्रिंटर आठवडाभर रुसून बसला होता, मग कुठूनसा ड्रायव्हर मिळाला. आणि अण्णांच्या जुन्या नोटिसा उघडल्या तर नुसता एबीसीडीचा गोंधळ! त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या ना. "पाणीपट्टी भरा" लिहिलेलं काहीच्या काही दिसायला लागलं. बिचारी रात्री बसून कन्व्हर्टरमधून एकेक नोटीस बदलत होती. आता अण्णा इनस्क्रिप्टने मराठी टाइप करतात, एका बोटाने का होईना. पत्तेही मिळाले. आणि दर वेळी पासवर्ड विचारतो म्हणून चिडतात, तो भाग निराळा.

उत्साहात अण्णा कारखान्याचाही कॉम्प्युटर बदलायला निघाले होते. मेहताजींचा चेहरा पांढराफटक! पण सूनबाईनेच अडवलं. टॅली विंडोजवर चालतं, जीएसटी, ई-वे बिल सगळं त्यात अडकलेलं, तिथे हात लावायचा नाही. त्या मशीनला तिने वर्षभराची मुदतवाढ घेऊन दिलीय, 2026 च्या ऑक्टोबरपर्यंत. पुढचं पुढे. आणि हो, तिथलं विंडोज पावतीचं आहे का, हे वकीलकाकांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं. मेहताजी तेव्हापासून पावती शोधतायत.

घरच्या डब्याचं मात्र 2029 च्या एप्रिलपर्यंत बघायला नको, तोवर अपडेट येत राहणार.

थोरली परवा मला काय म्हणाली माहितीये? "माझ्या माहेरी पण एक जुना पडलाय, हिला विचारू का?" मी म्हटलं, विचारा की, मीठ किती टाकायचं तेही विचारून घ्या!

तुमच्याही माळ्यावर आहे ना एक? मागच्या पावसाळ्यात ताडपत्री घालताना बघितला मी. भंगारवाल्याला देऊ नका. फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या, आणि रविवारी चारनंतर सूनबाईकडे जा, तेव्हा ती मोकळी असते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह मात्र आपला आपण न्यायचा.