स्नायूंची झाडाझडती

रविवारी सिंहगड, सोमवारी रक्त, मंगळवारी रिपोर्ट. त्यात एकच आकडा ठळक छापलेला: सीपीके २१४०. शेजारी कमाल मर्यादा २००. सीपीके हे स्नायूंच्या आतलं एन्झाइम. स्नायू दुखावले की रक्तात झिरपतं. बायकोने कागद दोनदा वाचला. म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्हाला स्नायू आहेत!"

एसजीओटीही वाढलेलं होतं. ते यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं, पण मेव्हण्याला कोण समजावणार? "दाजी, रोज किती घेता?" त्याने भर पंगतीत विचारलं.

डॉक्टरांनी शांतपणे उलटतपासणी घेतली. कोलेस्टेरॉलची गोळी? नाही. कमरेत इंजेक्शन? नाही. घरात कुणाला स्नायूंचा आजार? लघवी चहाच्या रंगाची? नाही, नाही. थायरॉइड तपासायला लिहून दिलं. मग जमिनीवर बसवून हात न टेकता उठायला लावलं. उठलो.

"ताकद उत्तम आहे. व्यायाम काही?"

"छे!"

पुतण्याशी पैज लावून गड धावत उतरलो होतो, हे सांगण्यात अर्थ नव्हता. हरलो होतो ना! शिवाय उतरणं हा कसला व्यायाम? घाम चढताना गाळायचा, वर पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही हाणायचं, उतार फुकटात. स्नायूंचा हिशेब नेमका उलटा असतो, हे नंतर कळलं. उतरताना ते ताणले जात असतानाच भार पेलतात आणि जास्त दुखावतात.

"सात दिवस विश्रांती, मग पुन्हा तपासू," डॉक्टर म्हणाले.

घेतली की! पण ताकद शाबूत आहे की ओसरतेय, याची खात्री नको? रोज सकाळी तीच परीक्षा. पहिल्या दिवशी हात न टेकता दहा वेळा उठलो. तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या, म्हणून घाबरून पन्नास. भरलेला गॅस सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत नेऊन पाहिला. सहाव्या दिवशी कमोडवर बसताना भिंत धरावी लागली, तेव्हा मी मृत्युपत्राचा विषय काढला.

दुसरा आकडा ३८६०. थायरॉइड नॉर्मल. डॉक्टरांनी स्नायूंची ईएमजी तपासणी लिहायला पेन उघडलं.

"डॉक्टर," बायको म्हणाली, "त्या उठाबशा व्यायामात धरायच्या का हो?"

पेन मिटलं.

पुढचे दहा दिवस मला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. तिसरा आकडा १६८. मेव्हण्याला लगेच फोन केला.

"सोडलीत ते बरं केलंत, दाजी," तो म्हणाला.