लाल बिल्ल्याचे भाऊ

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीसमोर जा, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावलेले एक भाऊ चहाच्या टपरीवर भेटतातच. घाटंजीचे काय नि आर्णीचे काय, नमुना एकच. संघटनेचे संस्थापक शरद जोशींच्या शिबिरांत तयार झालेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आजही बेंबीच्या देठापासून देणारे. चहा येईपर्यंत जमिनीच्या सीलिंगचा कायदा उरकतो, संपेस्तोवर आवश्यक वस्तू कायदा. १९७२ची कापूस एकाधिकार खरेदी योजना निघाली, की दुसरा कप मागवावा लागतो.

"सरकारनं आमाले काई देऊ नये. फक्त छातीवरून उठावं!"

एवढं बोलून भाऊ कचेरीत शिरतात, ते एका विधवा बाईचा अर्ज घेऊन. आत्महत्याग्रस्त कुटुंबाची एक लाखाची मदत. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. सातबारा, कर्जाचा दाखला, तगाद्याची नोटीस... कुठला कागद कमी पडला की 'अपात्र' होतं, हे भाऊंना कारकुनापेक्षा जास्त ठाऊक.

"भाऊ, तुमी तं अनुदानाच्या विरोधात न?" कारकून डिवचतो.

"हे अनुदान नोहे, वसुली आहे."

मग उणे सबसिडी सुरू होते. भाव पाडून सरकारनं जे नेलं, त्यातलं चिमूटभर परत येतंय. यात उपकार कसला? मिळालेली प्रत्येक रक्कम भाऊ डायरीत सरकारकडच्या येण्यातून वजा करतात. हिशेब मला तरी बिनचूक वाटतो. पंचाईत होते ती स्वतःच्या खिशातून पाचशेची नोट बाईच्या पोराच्या मुठीत कोंबल्यावर. ही वसुली नव्हे, आणि दान म्हणायला जीभ रेटत नाही. शेवटी ती 'चहापाणी' या सदरात जाते. त्या सदराची बेरीज बघितली तर भाऊंना मधुमेह कसा नाही, याचंच नवल वाटावं.

१९ मार्चला मात्र चहाही बंद. १९८६ साली याच दिवशी चिलगव्हाणच्या शेतकरी साहेबराव करपेंनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं; त्यांच्यासाठी अन्नत्याग. त्या दिवशी भाऊंशी वाद घालू नये.

परवा झेरॉक्सवाल्यानं भाऊंकडून पैसे घ्यायला नकार दिला. भाऊ उखडले.

"फुकट कायले? बाजार बिघडते! माह्याकडून पुरे घे." मग बाईकडे बोट दाखवून, "अन् तिच्याकडून घेतले तं याद राख."