काळी दोनचा तह

ज्येष्ठ नागरिक संघाच्या भजनाची वेळ पाचची. पावणेपाचलाच सगळे हजर, आणि भजन सुरू होतं पावणेसहाला. मधला वेळ पट्टी ठरवण्यात जातो. बायकांना काळी चार हवी असते, पुरुषांना काळी एक. पेटीवाले काका दोन्हीकडचं शांतपणे ऐकून घेतात, भात्याची कडी काढतात आणि कुणालाही न विचारता काळी दोन धरतात. मग दोन्ही पक्ष कुरकुरत गातात. म्हणजे तह न्याय्य झाला!

यात काकांचा मुत्सद्दीपणा थोडा आणि निसर्गाची मदत जास्त. रजोनिवृत्तीनंतर बायकांचे स्वरतंतू जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. पुरुषांचे मात्र म्हातारपणी पातळ होतात, म्हणून त्यांचा आवाज थोडा वर चढतो. पन्नास वर्षं ज्यांचं भाजीत मीठ किती यावरही एकमत झालं नाही, अशी जोडपी निदान पट्टीत तरी जवळ येतात. लग्नाच्या बोलणीत हे कुणी सांगत नाही.

आता या कुरकुरीचा तब्येतीला उपयोग काय? इंग्लंडात केंटमध्ये साठीपुढच्या २५८ जणांवर प्रयोग झाला. कुणाला गायला बसवायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. निम्म्यांना १४ आठवडे, आठवड्यातून एकदा समूहगान; उरलेल्यांचं रोजचं आयुष्य चालू. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: गाणाऱ्यांची चिंता आणि उदासी कमी झाली होती.

सॅन फ्रान्सिस्कोत तर १२ ज्येष्ठ केंद्रांतले ३९० जण अशा प्रयोगात उतरले. २०१८ चा अहवाल सांगतो, की सहा महिन्यांत गाणाऱ्यांचा एकटेपणा घटला, जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्ती आणि हालचाल मात्र होती तिथेच राहिली. स्मरणशक्तीचं तर आपलं कुठलंही भजनी मंडळ फुकटात सांगू शकलं असतं. तोच अभंग वर्षानुवर्षं गाऊनसुद्धा तिसऱ्या चरणाला वही लागते. वही सापडते तेव्हा चष्मा सापडत नाही, आणि चष्मा सापडेपर्यंत मंडळी भैरवीवर आलेली असतात.

स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये २०१३ साली आढळलं, की एका श्वासाने गाणाऱ्यांच्या हृदयाची गतीही एकत्र चढते-उतरते. पण तिथे गाणारी पोरं अठरा वर्षांची होती. आपल्या संघातल्या पेसमेकर बसवलेल्या अण्णांनी कुणाच्या लयीत चालायचं, हे कुणी तपासलेलं दिसत नाही. अण्णा तसेही तबल्याच्या लयीत कधी नव्हतेच.

अमेरिकेतल्या नॉर्थहॅम्प्टनचे म्हातारे याहून धीट. १९८२ मध्ये सुरू झालेलं त्यांचं 'यंग ॲट हार्ट' मंडळ चक्क रॉक गातं. २००७ च्या माहितीपटात ९२ वर्षांच्या आयलीन हॉल 'द क्लॅश' या रॉक बँडचं गाणं ठणकावून म्हणताना दिसतात, आणि फ्रेड निटल हे गृहस्थ नाकात ऑक्सिजनची नळी असताना 'फिक्स यू' गातात. आपल्याकडे नळी लावलेल्या माणसाला सुनेने उंबरठा ओलांडू दिला नसता. मुलाने अमेरिकेहून व्हिडिओ कॉलवर दम भरला असता, तो वेगळाच.

खरं म्हणजे तब्येतीला येणारा गुण नुसत्या सुरांचा नसावा. एखादी काकू मंगळवारच्या भजनाला दिसली नाही, की भजन संपायच्या आत तिच्या घरी तीन फोन जातात. तिसरा फोन नुसता "आज आमटीत काय घातलंत?" एवढं विचारायला. नातवाचा वाढदिवस होता, हे कारण चालत नाही; केक संध्याकाळी सात वाजता कापता आला असता. इतकी कडक हजेरी शाळेतही कुणी घेतली नव्हती. एवढी वाट पाहणारं कुणी असलं, की माणूस गुडघेदुखीचा पट्टा बांधून का होईना, जिना उतरतो.

घरातल्या ज्येष्ठांना एखाद्या मंडळात धाडायचं असेल, तर आवाजाची काळजी करू नका, तिथे कुणी परीक्षा घेत नाही. टाळ मात्र स्वतःचे द्या, आणि त्यावर नाव घाला. मंडळात उसने दिलेले टाळ परत येत नाहीत.