उभ्या गाडीचे गुरुजी

उधव्याला दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एक, जिच्यात माणसं मावत नाहीत. दुसरी, जिच्यात कोणी बसत नाही. तलासरी, डहाणू, खानवेलकडे पळणाऱ्या इको आणि जीपगाड्या पहिल्या प्रकारात मोडतात. त्यांचा टायर गोटा झाला तरी ड्रायव्हर म्हणतो, "एवढा बाजार होऊ दे, मग बघू." दुसऱ्या प्रकारात गुरुजींची अल्टो.

असे गुरुजी तुमच्याही गावात असतील. आश्रमशाळेतून निवृत्त, पेन्शन चालू, कर्ज मुदतीआधी फेडलेलं, आणि अंगणात पत्र्याच्या शेडखाली कव्हर घातलेली पांढरी गाडी. कव्हर दर रविवारी निघतं. गुरुजी आत बसतात, इंजिन चालू करतात, पेपरचं पहिलं पान वाचून होईपर्यंत ते घुरघुरू देतात आणि बंद करतात. खाली अंड्यावर बसलेली कोंबडीही आता उठत नाही. पुढे काही होणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

गाडी बाहेर का काढत नाही, याला गुरुजींकडे ऋतुमानानुसार उत्तरं आहेत. पावसाळ्यात खड्डे, उन्हाळ्यात रबर तापतं, हिवाळ्यात लग्नसराईचे ट्रॅक्टर. शिवाय पेट्रोल. हद्दीपलीकडे दादरा-नगर हवेलीत ते स्वस्त, म्हणून इकडे भरायचं नाही; आणि तिकडे जायला पेट्रोल जाळावं लागतं, म्हणून तिकडेही जायचं नाही. हा हिशेब त्यांनी वहीत मांडून ठेवला आहे आणि तो बिनचूक आहे.

गाडीचा भरघोस उपयोग झाला तो भूकंपात. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी भागात धक्के बसू लागले आणि डहाणू-तलासरीतली माणसं थंडीत घराबाहेर झोपू लागली. तेव्हा गुरुजी आणि बाई सीट मागे पाडून गाडीत झोपत. "चार टायरांवर आहोत, धक्का जाणवत नाही," असं ते शेजाऱ्यांना सांगत. शेजारी ताडपत्रीखाली कुडकुडत ऐकून घेत.

त्याच टायरांचा प्रश्न यंदा निघाला. मुंबईहून आलेल्या मुलाने चाकाशी वाकून पाहिलं. नक्षी कोरी, बटणं जशीच्या तशी. पण कडेला एप्रिलमधल्या भातखाचरासारख्या भेगा. डीओटी या अक्षरांमागचे शेवटचे आकडे होते ३२१५, म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. "बाबा, दहा वर्षं झाली. नक्षी काही असो, हे टायर बाद." गुरुजींना हे पटेना. न वापरता वस्तू संपते, हे तत्त्व पेन्शनरला पटायला जडच.

पण तसं होतं खरं. रबराला भेगा पडू नयेत म्हणून त्यात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरला, दबला की ती पृष्ठभागावर येतात. उभ्या टायरात ती आतच राहतात, वरून ऊन लागत राहतं, हवा महिन्यागणिक थोडी थोडी उतरते आणि गाडीचा भार एकाच जागी बसून टायर तिथे चपटा होतो. रविवारच्या घुरघुरीने बॅटरीचं फारसं भलं होत नाही आणि टायरचं तर काहीच नाही.

मग सुरू झाला अभ्यास. महागडे घ्यावेत की स्वस्तातले? गुरुजींनी मुळापासून धरलं. एमआरएफ १९४६ साली मद्रासला खेळण्यातले फुगे बनवत होती, हे कळल्यावर तिच्याविषयी थोडा संशय. मिशेलिनने १९०० साली फ्रान्समध्ये प्रवासाची गाइड काढली ती लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात आणि टायर झिजवावेत म्हणून, हे कळल्यावर त्या कंपनीशी उघड वैर. सव्वाशे वर्षांचा तो डाव उधव्यात पुरता फसला आहे, याचं त्यांना समाधान वाटतं.

शेवटी ते तलासरीला हायवेलगतच्या टायरवाल्याकडे गेले. एसटीने. टायरवाला त्यांचाच विद्यार्थी.

"गुरुजी, गाडी किती चालते?"

"रोज चालू होत नाही, पण चालू होते."

"वर्षाला किती किलोमीटर?"

"पाचशे. लग्नसराई असली तर."

"हा टायर चाळीस हजार आरामात जाईल."

गुरुजींनी वही काढली. "म्हणजे ऐंशी वर्षं. आणि माझं आरसी बुक २०३० ला संपतंय. बाकीच्या पंचाहत्तर वर्षांचे पैसे मी का देऊ?"

टायरवाल्याने स्वस्तातला पुढे केला. त्यावर 'टी' अक्षर. "म्हणजे ताशी १९० ची मर्यादा," गुरुजी ओरडले, "मी तिसाच्या वर जात नाही!" मग त्यांनी दोन्ही टायरांचे आकडे वाचले. महागडा अडीच वर्षांचा होता, स्वस्तातला दोन महिन्यांचा. यात नवल नाही. आमच्या भागात स्वस्त टायर हातोहात जातो. महाग टायर दुकानात उभा असतो, गुरुजींच्या गाडीइतकाच निवांत.

टायरवाल्याने मात्र पोराच्या मायेने एक खरं सांगितलं. "गुरुजी, तुमची गाडी वर्षातून चारदा निघणार. त्यातली एक खेप रात्रीची, धो धो पावसातली, कोणाची तरी सून कासाच्या दवाखान्यात न्यायची असणार. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागतो तो टायरामुळे. तिथे हजार रुपये वाचवू नका." मलाही हे पटतं. किलोमीटरच्या हिशेबात स्वस्त टायर जिंकतो, पावसात नाही. आणि उधव्याला पाऊस मापाने पडत नाही. चांगल्या कंपनीचा, ताजा टायर मागवून घ्यावा, महिन्यातून दोनदा गाडी तलासरीपर्यंत न्यावी, हवा बघावी, एवढंच यातलं शास्त्र.

गुरुजींनी सगळं वहीत उतरवलं, चांगल्या टायरांची ऑर्डर द्यायचं ठरवलं आणि उठता उठता विचारलं, "पाऊस तर आता संपत आला. ऑर्डर पुढच्या मे महिन्यात दिली तर आणखी ताजे येतील ना?"

टायरवाला गुरुजींना काय बोलणार? चहा मागवला.

तर वाचकहो, मे महिन्याआधी उधव्याच्या बाजूला आलात आणि एक पांढरी अल्टो तुमच्याजवळ थांबून कोणी प्रेमाने "चला, सोडतो" म्हणालं, तर नमस्कार करावा आणि एसटीची वाट पाहावी.