चांगल्या डोळ्याला सुट्टी

अंबरनाथच्या आनंदनगरात कुणाच्या डोळ्याला पट्टी दिसली की लोक आधी कारखान्यातला अपघात धरतात. एमआयडीसी शेजारी असल्याचा परिणाम. माझी नात चार वर्षांची, तिला कोण कारखान्यात घेणार? तरी रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत प्रश्न एकच, “अगं बाई, डोळ्याला काय झालं?” खरं उत्तर द्यावं तर आपणच वेडे ठरतो. “या डोळ्याला काहीच झालेलं नाही, म्हणून तर झाकलाय!”

दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असला की मेंदू स्पष्ट दिसणाऱ्याचंच ऐकतो आणि दुसरा डोळा धडधाकट असून आळशी होतो. थोरला भाऊ दुकान सांभाळतोय म्हणून धाकट्याने पारावर पत्ते कुटावेत, तसं. मग थोरल्याला रोज थोडा वेळ कोंडायचं. धाकटा झक मारत गल्ल्यावर बसतो. युक्ती जुनी आहे. बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1743 मध्ये तिरळेपणावर लिहिताना चांगला डोळा झाकायला सांगितलं होतं.

त्याच्या पदरी आमची नात नव्हती. पहिली पट्टी फ्रिजच्या दारावर सापडली, दुसरी बाहुलीच्या डोळ्यावर. शेवटी सुनेने फर्मान काढलं: आबांनीही पट्टी लावायची. मी लावली आणि पहिल्याच फेरीत टीपॉयला नडगी आपटली. नात खूश. तेव्हापासून पहारा तिचाच. “आबा, काढायची नाही, काटा अजून वर गेला नाही!” तिला धीर यावा म्हणून झारीतल्या शुक्राचार्यांची गोष्ट सांगायला घेतली. दर्भ डोळ्यात गेला म्हणताच तिने विचारलं, “मग त्यांच्या कुठल्या डोळ्याला पट्टी लावली?” गोष्ट आवरती घेतली.

दुखणं फार जड नसेल तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकाच गुण देते, असं 2003 साली अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं. आमच्या डॉक्टरांनीही दोनच तास सांगितले. नातीपेक्षा माझाच जीव भांड्यात पडला. त्या वेळात डोळ्याला बारीक काम द्यायचं. तांदळात हल्ली खडे मिळत नाहीत, म्हणून तिची आजी मुद्दाम मसूर मिसळते आणि नात तोंडाचा चंबू करून एकेक दाणा वेचते. तो तांदूळ रात्री आमच्याच पानात येतो, चुकार मसुरीसकट.

आता पट्टीवर रोज नवं चित्र असतं, काल मांजर, आज लोकल. तिला सवय झाली. शेजारपाजारचे मात्र अजून हळहळतात.

एका डोळ्याने सगळं दिसत असतं, त्यामुळे मूल स्वतःहून तक्रार करत नाही. शाळेत घालण्याआधी एकदा दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. वय वाढलं की हा आळस हटता हटत नाही. आणि वाटेत असं पट्टीवालं पोर भेटलं तर “अरेरे” म्हणू नका. पट्टीवर काय काढलंय, ते विचारा.