शेजारी काय म्हणतील, सुपरमॅन?

सुपरमॅनचं नशीब थोर, म्हणून त्याचं यान अमेरिकेत कॅन्ससच्या शेतात पडलं. चहूकडे शेतंच शेतं, शेजार लांब. पोराने ट्रॅक्टर डोक्यावर घेतला काय नि गोठ्यावरून उडी मारली काय, बघायला आहे कोण? तेच यान इंग्लंडात पडलं असतं तर भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या रांगेत पडलं असतं आणि निम्म्या गल्लीने पडदा दोन बोटं सरकवून ते बघितलं असतं. बघितलं असं अर्थात कुणी कबूल केलं नसतं.

ही कल्पना माझ्या आधी भल्या भल्यांना सुचली आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या जोडीचा सुपरमॅन १९३८ साली छापून आला. पुढे २००४ मध्ये किम हॉवर्ड जॉन्सन आणि ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूतले जॉन क्लीझ यांनी ‘सुपरमॅन: ट्रू ब्रिट’ हे कॉमिक लिहिलं, चित्रं काढली जॉन बर्न यांनी. त्यात बाळ उतरतं थेट क्लीझ यांच्या जन्मगावी, वेस्टन-सुपर-मेअरला. नाव ठेवतात कॉलिन क्लार्क. पोरगं उडतं, याचं आईबापांना फारसं काही नाही. शेजारी काय म्हणतील, हा खरा घोर!

इथे मला हे कुटुंब आमच्याच बिल्डिंगमधलं वाटू लागलं. मला एकदा गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळाले. शेजारच्या काकूंना पेढा देताना आई घाईघाईने म्हणाली, “पेपर सोप्पा होता हो यंदा.” ब्रिटिश सुपरमॅनची आई याहून वेगळं काय करणार? लेकाने प्रवाशांसकट दुमजली बस उचलली, तरी ती कुंपणावरून सांगेल, “तशी रिकामीच होती हो बस.”

त्यातून त्याला कपडे बदलायची सोय नाही. टेलिफोन बूथ ही त्याची ठरलेली जागा. पण ब्रिटनचा तो लाडका लाल बूथ सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली, राजे पंचम जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवानिमित्त घडवला, तो तीन बाजूंनी काचेचा! आत हा पँटशी झटतोय आणि बाहेर शिस्तीत रांग लागलेली. कुणी ओरडणार नाही. पहिल्या नंबरच्या आजीबाई फक्त एकदा खाकरतील. त्यापेक्षा त्याची शक्ती हरणारं क्रिप्टोनाइट परवडलं.

उड्या मारायचीही पंचाईत. सुरुवातीच्या गोष्टींत तो उडत नसे, एका झेपेत साधारण दोनशे मीटर जाई. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरून अशी झेप शोभते. लंडनमध्ये मात्र तेव्हा १८९४च्या कायद्याने इमारतींची उंची ८० फुटांशी अडवलेली होती, वर फार तर छपरातले दोन मजले. गडी झेप घ्यायचा बँकेवरून आणि उतरायचा थेम्समध्ये.

तिथे समजा कुणी बुडतंच असलं, तर हा आधी म्हणणार, “माफ करा, आपली ओळख नाही, पण आपण बुडताय का?” आणि नाकातोंडात पाणी गेलेला गृहस्थ म्हणणार, “छे छे, बरं चाललंय. आपण कशाला त्रास घेता?”

‘ट्रू ब्रिट’मध्ये त्याच्यावर अशक्य कोटीतली कामं सोपवली जातात. त्यातलं एक म्हणजे आगगाड्या वेळेवर धाववणं. १९९१च्या फेब्रुवारीत हिमवर्षावाने गाड्या अडल्या, तेव्हा ब्रिटिश रेल्वेचा खुलासा असा की बर्फ वेगळ्या जातीचा होता. डोळ्यांतल्या किरणांनी बर्फ वितळवता येतो. खुलाशापुढे मात्र पोलादी पुरुषानेही हात टेकावेत.

गंमत म्हणजे पडद्यावरचा सुपरमॅन कधीचाच निम्मा ब्रिटिश आहे. १९७८च्या चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झालं. १९८७च्या चौथ्या भागात तर मिल्टन कीन्सचं रेल्वे स्टेशन संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय म्हणून खपवलं. आणि २०१३ मध्ये तो लाल झगा चढवला जर्सी बेटावर जन्मलेल्या हेन्री कॅव्हिलने.

तरीही इंग्लंडात वाढलेला सुपरमॅन सुपरमॅन झाला असता, असं मला वाटत नाही. अमेरिकेत क्लार्क केंट हे सोंग आहे. बुजरा, चष्मेवाला, वेळेवर नोकरीला जाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण असा मुलगा म्हणजे इंग्लंडातल्या आईबापांना, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आईबापांना, घडलेला चमत्कारच! इतकं गुणी पोर हाताशी असताना ते त्याला जग वाचवायला कशाला पाठवतील? पाठवलंच, तर एका अटीवर: चड्डी पँटच्या आतून घालायची.